स्पॅनिश पद्धतीने गिटार घडवायची असेल तर: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

गिटार वाजवणाऱ्या बऱ्याच जणांना कधीतरी वाटतं, आपली गिटार आपणच बनवावी. मग शोधाशोध सुरू होते आणि लवकरच गोंधळ उडतो. कारण हाती लागणारी निम्मी माहिती स्टीलच्या तारांच्या गिटारची असते आणि उरलेली कारखान्यांची. स्पेनमध्ये ग्रानादा, माद्रिद किंवा आल्मेरियामधल्या छोट्या कार्यशाळांत नायलॉनच्या तारांची गिटार होते ती पद्धत निराळी आहे. मी ती ग्रानादात शिकले, आणि तिथे समजलेल्या गोष्टी इथे क्रमाने मांडते आहे.

क्रमाने असं मुद्दाम म्हणते. कारखान्यात पेटी वेगळी बनते, नेक वेगळी बनते आणि शेवटी दोन्ही जोडतात. जोडताना कोन जरा चुकला तर सांधा तासून सुधारता येतो. स्पॅनिश पद्धतीत नेक आणि तबली (पेटीची वरची फळी, सतार-तंबोऱ्याचे कारागीर तिला तबलीच म्हणतात) सुरुवातीलाच एकमेकींना चिकटतात. बाजू नेकमध्ये कापलेल्या खाचांत शिरतात, पाठ सगळ्यांत शेवटी बसते आणि हे सगळं गिटार पालथी ठेवून होतं. नेकचा कोन, तबलीचा फुगवटा, पुढे तारा किती उंच राहतील, हे सारं पहिल्या काही टप्प्यांतच ठरून जातं. नंतर ते बदलायला फारशी जागा उरत नाही.

आज क्लासिकल म्हणून ओळखली जाणारी गिटार मुळात अंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) याच्या हातून आकाराला आली. तो आल्मेरियाजवळचा, मूळचा सुतार. त्याने पेटी मोठी केली आणि तबली पातळ ठेवून तिला आतून पंख्यासारख्या सात पट्ट्यांचा आधार दिला. तशा पट्ट्या त्याच्या आधीही वापरात होत्या, पण सगळ्या मापांचा मेळ त्याने घातला. १८६२ मध्ये त्याने एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या, तबली तेवढी लाकडाची ठेवली. आवाज मुख्यतः तबलीतून येतो हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. तुमचं बजेट मोजकं असेल तर एवढंच लक्षात ठेवा: पैसा तबलीवर घाला, पाठीच्या नक्षीदार लाकडावर नको.

१. कुठे शिकायचं ते आधी ठरवा

घरी आराखड्यावरून शिकता येतं, पण शक्य असेल तर पहिली गिटार जाणत्या कारागिराच्या शेजारी बसून करा. तबली किती पातळ करायची ते बोटांना समजावं लागतं आणि ते कागदावरून समजत नाही. ग्रानादात प्लासा नुएवा या चौकापासून आलाम्ब्रा राजवाड्याकडे चढणारा कुएस्ता दे गोमेरेस हा रस्ता गिटार बनवणाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्या शहरातले काही कारागीर विद्यार्थी घेतात. आधी पत्रव्यवहार करा, आणि लाकूड, हत्यारं, गिटार ठेवायची केस शुल्कात धरली आहे का ते स्पष्ट विचारून घ्या.

जायचं असेल तर ही कागदपत्रं लागतात:

- पासपोर्ट आणि शेंगेन व्हिसा. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अभ्यासक्रम त्याहून लांब असेल तर विद्यार्थी व्हिसा लागतो.
- कार्यशाळेचं पत्र. त्यात तारखा, पत्ता आणि भरलेलं शुल्क असू द्या.
- राहण्याची सोय आणि खर्चाची तरतूद दाखवणारे कागद.
- किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा.
- परत येताना गिटारचं बिल किंवा कार्यशाळेचं पत्र, त्यावर प्रत्येक लाकडाचं शास्त्रीय नाव लिहिलेलं.

इथे एक सापळा आहे. तिथे पाठीला वापरतात ते ‘भारतीय रोजवूड’ म्हणजे आपल्या सह्याद्रीतलं शिसव, डालबर्जिया लॅटिफोलिया. साहजिकच वाटतं की इथूनच फळ्या घेऊन जाव्यात. जाऊ नका. २०१७ पासून, ब्राझीलची एक सोडून, डालबर्जियाच्या सगळ्या जाती सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०१९ मध्ये सवलत मिळाली ती तयार वाद्यांना आणि त्यांच्या तयार सुट्या भागांना. कच्च्या फळ्या परवान्याशिवाय सीमेपार नेता येत नाहीत. तिथेच विकत घ्या, तयार गिटार घेऊन या. ब्राझीलच्या रोजवूडला मात्र हात लावू नका. ते १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे आणि ती सवलत त्याला नाही.

२. एकच आराखडा घ्या

एका नावाजलेल्या गिटारचा पूर्ण आकाराचा आराखडा निवडा आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहा. एकीकडून पेटी, दुसरीकडून पट्ट्या आणि तिसरीकडून ब्रिज (तबलीवर तारा बांधायचा तुकडा) अशी जुळवाजुळव केली की मापं एकमेकांशी भांडतात. साधारण मापं अशी असतात:

- नटपासून (डोक्याजवळची, तारा टेकतात ती आडवी पट्टी) सॅडलपर्यंत (ब्रिजवरची तशीच पट्टी) तारेची लांबी: ६५० मिमी
- पेटीची लांबी: ४८५ ते ४९० मिमी
- पेटीची रुंदी: खाली ३६५ ते ३७०, कंबरेला २३५ च्या आसपास, वर २७५ ते २८० मिमी
- पेटीची खोली: ९५ ते १०० मिमी
- नेकची रुंदी: नटपाशी ५२, बाराव्या फ्रेटपाशी ६२ मिमी

बारावा फ्रेट पेटीच्या काठावर येतो. ही रेघ आराखड्यावर लाल शाईने मारून ठेवा, पुढचं प्रत्येक माप तिच्यापासून घ्यायचं आहे.

क्लासिकल की फ्लामेंको, हेही आताच ठरवा. फ्लामेंको गिटारला पाठ-बाजू परंपरेने भूमध्य सागराकाठी वाढणाऱ्या सायप्रस या झाडाच्या लाकडाच्या असतात. पेटी जरा उथळ असते आणि तारा तबलीच्या बऱ्याच जवळून जातात, म्हणून नेकचा कोनही वेगळा लागतो. अर्ध्यावर विचार बदलता येत नाही.

३. लाकूड

तबलीसाठी आल्प्सकडचं स्प्रूस किंवा उत्तर अमेरिकेचं वेस्टर्न रेड सीडार. सीडार गिटारमध्ये रुजलं ते १९६० च्या दशकात, माद्रिदच्या रामिरेस कार्यशाळेत. ते लवकर मोकळा आवाज देतं, पण नखाने सुद्धा ओरखडतं. पहिल्या गिटारला मी स्प्रूसच सुचवते, चुकीचे रंधे ते जरा जास्त सहन करतं. फळी विकत घेताना टोकाकडून बघा. वार्षिक वलयांच्या रेषा फळीच्या सपाटीला काटकोनात, उभ्या हव्यात. रेषा कलत्या असतील तर फळी आडवी लवते आणि ऋतूप्रमाणे पिळते.

नेकसाठी स्पेनमध्ये सेड्रेला वापरतात. नाव ‘स्पॅनिश सीडार’ असलं तरी हे सीडार नव्हे, महोगनीच्या कुळातलं झाड आहे, आणि येतं अमेरिका खंडातून. भारतात बनवणार असाल तर सतारीला वापरतात ते तुणाचं लाकूड त्याचंच जवळचं नातलग आहे. वजनाला हलकं, कापायला गोड. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडे चौकशी केलीत तर नीट मुरलेलं तूण कसं ओळखायचं ते तुम्हाला शिकायला मिळेल. फ्रेटबोर्डला काळं एबनी. लाकूड कुठूनही घ्या, पक्क्या बिलानिशी घ्या.

४. हत्यारं

यादी लांब नाही: छोटा आणि मध्यम रंधा, तीन-चार पटाश्या, बारीक दातांची करवत, पोलादी स्क्रेपर, कानशी, गुण्या, स्टीलची पट्टी, व्हर्नियर कॅलिपर, धार लावायचे दगड, तबलीवरच्या भोकाभोवती गोल खाच पाडायचा कटर, आणि जमतील तेवढे क्लॅम्प. बाजू वाकवायला आतून तापणारा धातूचा पाइप. शिवाय शिसवाच्या भुशापासून वाचवणारा चांगला मास्क; ती धूळ काहींच्या कातडीला आणि श्वासाला त्रास देते.

हत्यारं विकत घेतली म्हणजे झालं असं नाही. पहिला आठवडा फक्त धार लावण्यात घालवा. दोन मिलिमीटरच्या फळीवर बोथट रंधा चालवला की तो कापत नाही, उचकटतो.

५. हवेतला ओलावा

भारतातून या कामाकडे येणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

लाकूड आडव्या दिशेने फुगतं आणि आक्रसतं, लांबीला जवळजवळ नाही. पाठीवर आणि तबलीवर आडवे दांडे चिकटवले की फळीची ही हालचाल अडते. मुंबईत किंवा कोकणात भर पावसाळ्यात, हवेतला ओलावा ८५ टक्के असताना तुम्ही दांडे चिकटवलेत, आणि गिटार नंतर एसीच्या खोलीत किंवा नागपूरच्या कोरड्या हवेत गेली, तर फळी आक्रसू पाहणार, दांडे तिला आक्रसू देणार नाहीत आणि फळी मधोमध फाटणार. उलट कोरड्या हवेत चिकटवलेली गिटार दमट हवेत गेली तर थोडी फुगते, पण सहसा फाटत नाही. म्हणून चिकटवण्याचं काम ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास करायचं. ग्रानादाच्या कोरड्या हवेत याचा फार विचार करावा लागत नाही. इथे एक बंद खोली, ओलावा शोषणारं यंत्र आणि खात्रीचा आर्द्रतामापक लागतो. लाकूडही आधी काही आठवडे त्याच खोलीत मुरू द्या.

६. नेक

नेकला टोकाकडे साधारण १४-१५ अंशांचा कल देऊन डोकं जोडतात, आणि दुसऱ्या टोकाला ठोकळ्यांचा थर चिकटवून टाच घडवतात. टाचेत, बाराव्या फ्रेटच्या रेघेवर, दोन्ही बाजूंनी खाचा कापतात. बाजू पुढे त्यांत शिरणार आहेत. या खाचा मधल्या रेघेशी सममित नसतील तर सगळी गिटार वाकडी होते.

डोक्यात भोकं पाडण्याआधी खुंट्यांचा संच हातात असू द्या. दोन खुंट्यांमधलं प्रचलित अंतर ३५ मिमी असतं, पण प्रत्येक संच मोजूनच पुढे जा.

७. तबली

या टप्प्याला घाई चालत नाही. इथे जितका वेळ द्याल तितका पुढे ऐकू येईल.

एकाच फळीतून चिरलेले दोन अर्धे पुस्तकासारखे उघडून मधोमध जोडतात. सांधा रंध्याने सरळ करा आणि दोन्ही अर्धे एकत्र धरून खिडकीसमोर उभे राहा. मधून उजेडाची तिरीप दिसली तर परत रंधा. क्लॅम्पने जोर लावून फट मिटवली तर ती आज मिटते आणि पुढच्या उन्हाळ्यात उघडते.

भोक पाडायच्या आधी रोझेट (भोकाभोवतीची नक्षीची गोल पट्टी) बसवायचं. रंगीत लाकडाच्या अगदी बारीक काड्या ठरावीक क्रमाने एकत्र चिकटवून त्यांची वीट तयार करतात आणि तिचे आडवे पातळ काप काढले की मोझेकचे ठिपके मिळतात. हे काम स्वतंत्र कला आहे. पहिल्या वेळी तयार रोझेट घेतलंत तरी काही बिघडत नाही. ते बसल्यावर तबलीशी सपाट करा आणि मगच साधारण ८५ मिमी व्यासाचं भोक कापा.

आता जाडी. स्प्रूसची तबली साधारण २ ते २.५ मिमीपर्यंत येते, पण आकड्याला चिकटून बसू नका. प्रत्येक फळीचा ताठपणा वेगळा. दोन्ही हातांनी धरून आडवी लववा, उभी लववा. आधी ती पुठ्ठ्यासारखी हट्टी वाटते. मग एका क्षणी आडव्या दिशेने सहज झुकायला लागते. कानाशी धरून बोटाने ठोका, ‘टक’ जाऊन लांब घुमणारा आवाज यायला लागला की थांबा. शंका आली तरी थांबा. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

पट्ट्यांसाठी स्प्रूस करवतीने न कापता पटाशीने फोडा. फोडलेल्या तुकड्यात तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात, म्हणून कमी जाडीत जास्त ताकद मिळते. भोकाच्या वर आणि खाली एकेक भक्कम आडवा दांडा, खाली सात पट्ट्यांचा पंखा, त्यांच्या शेवटी तिरप्या दोन. चिकटवून झाल्यावर टोकांकडे त्या निमुळत्या करत न्यायच्या.

सरस वापरायचा तर तो आधी पाण्यात भिजवून मग पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० अंशांच्या आसपास गरम ठेवा, आणि लाकूडही किंचित शेकून घ्या. तो क्षणात धरतो, त्यामुळे क्लॅम्प आधी मांडून ठेवलेले हवेत. हे जमत नसेल तर सुतारकामाचा पिवळा गोंद चालेल. कायम लवचीक राहणारा गोंद मात्र इथे नको. सहा तारांचा मिळून ओढा जवळपास ४० किलोंचा असतो आणि त्याखाली असा गोंद हळूहळू सरकतो.

८. बाजू वाकवणं

बाजूंची जाडी २ मिमीच्या जवळ आणा. पाइपवर पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचत उडाला पाहिजे. लाकूड हलकं ओलं करा, पाइपवर टेकवा आणि थांबा. तापल्यावर ते स्वतःच सैल पडल्याचं हाताला कळतं. तेव्हा वाकवा. जोर लावून वाकवायला गेलात की कंबरेच्या वळणावर तडा जातो.

नवखे हमखास फसतात ती गोष्ट वेगळीच: दोन्ही बाजू एकाच दिशेला वाकवून मोकळे होतात, मग हाती दोन डाव्या बाजू उरतात. आधी दोन्हींवर खडूने ‘डावी’, ‘उजवी’, ‘आत’, ‘बाहेर’, ‘तबलीकडे’ असं लिहा.

९. सोलेऱ्यावरची जुळणी

सोलेरा म्हणजे गिटारच्या आकाराची, तिच्याहून थोडी मोठी जाड फळी, नेकसाठी पुढे लांब शेपूट असलेली. ब्रिजच्या भागात ती दोन-तीन मिलिमीटर खोलगट कोरलेली असते. पालथी तबली त्यात दबून बसते आणि तिला फुगवटा येतो. शेपटाकडे, नटच्या टोकाशी, ती क्लासिकल गिटारसाठी साधारण दोन मिलिमीटर उतरती करतात. त्यामुळे नेक तारांच्या दिशेला किंचित पुढे झुकते आणि ब्रिज फार उंच करावा लागत नाही. तुमच्या गिटारची भूमिती या फळीत आहे. ती नीट झाली की निम्मी काळजी मिटते. उसना घेतलेला सोलेरा असेल तर त्यावर लांब पट्टी ठेवून दोन्ही मापं स्वतः तपासा.

क्रम असा: तबली पालथी ठेवायची. नेकच्या टोकाला तबलीच्या जाडीइतकी पायरी कापून ती तबलीला चिकटवायची. नटपासून खालच्या टोकापर्यंत ताणलेला दोरा तबलीच्या मधल्या सांध्यावरून जातो का ते बघायचं. सोलेऱ्यावर कोरलेल्या मध्यरेघेशीही जुळवायचं. मग बाजू खाचांत सरकवायच्या आणि पेटीच्या खालच्या टोकाच्या ठोकळ्याला मिळवायच्या.

बाजू आणि तबली यांच्या कोपऱ्यात एकसंध पट्टी न लावता लाकडाचे छोटे छोटे ठोकळे, तेन्तेयोनेस, एकेक करून चिकटवतात. गोंद लावायचा, बोटाने दाबून धरायचा, पुढचा घ्यायचा. संपूर्ण कडेने. काम कंटाळवाणं वाटेल, पण बाजू ताणाशिवाय, जिथे आहे तिथेच धरली जाते ती यामुळे. मला या पद्धतीतला हा सगळ्यांत सुंदर भाग वाटतो.

१०. पाठ

पाठीला आडवे तीन दांडे, किंचित कमानदार. बाजूंच्या कडेला आतून पट्टी लावून त्यात दांड्यांची टोकं बसतील अशा खाचा करा. बंद करण्याआधी आत वाकून सुकलेला गोंद, भुसा, पेन्सिलच्या खुणा साफ करा आणि लेबल आताच चिकटवा. मग गोंद लावून पाठ ठेवायची आणि लांब दोरीने पेटीभोवती वेढे देत आवळायची. जुन्या कार्यशाळांत अजूनही क्लॅम्पपेक्षा दोरीच पसंत करतात. ती कमानीला सगळीकडून सारखी दाबते.

११. कडा

तबली आणि पाठीच्या काठाला खाच कापून लाकडाची किनार बसवतात. ती शोभेची आहे तशी उपयोगाचीही: फळीच्या टोकांतून ओलावा आत शिरणं कमी होतं. खाच कापताना तबलीचे तंतू उचकटू नयेत म्हणून आधी धारदार सुरीने रेघ पाडून घ्या.

१२. फ्रेटबोर्ड आणि फ्रेट

एबनी साधारण सहा मिलिमीटर जाड, वरून सपाट. फ्रेटची जागा काढायची रीत: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं. ६५० ला भागलं की पहिला फ्रेट नटपासून ३६.४८ मिमीवर येतो. बारावा बरोब्बर ३२५ वर. सगळ्या १९ फ्रेटची अंतरं आधी हिशोबाने काढून एका तक्त्यात लिहा आणि लाकडावर खुणा करताना प्रत्येक माप नटपासूनच घ्या. मागच्या फ्रेटपासून पुढचा मोजत गेलात की केसाएवढ्या चुका साचत जातात आणि वरचे स्वर बेसूर होतात.

१३. पॉलिश आणि ब्रिज

परंपरेने लाखेचं पॉलिश, फ्रेंच पॉलिश. लाखेचा चपडा बहुतांशी भारतातून, विशेषतः झारखंडमधून, जगभर जातो. तुम्हाला तो सहज मिळेल. मेण काढलेला चपडा घ्या आणि पाणी नसलेल्या शुद्ध अल्कोहोलमध्ये विरघळवा. शिसवाची छिद्रं प्युमिस दगडाच्या पुडीने भरून घ्या. नंतर कापसाच्या बोळ्याला सुती कापड गुंडाळून, थेंबभर तेल लावून, गोल फिरवत अतिशय पातळ थर. अनेक दिवस, मध्ये विश्रांती देत. दमट हवेत पॉलिशवर दुधाळ पांढरी छटा येते, म्हणून पावसाळ्यात हे काम त्या ओलावा-शोषक यंत्राच्या खोलीतच करा.

ब्रिजच्या जागेवर पॉलिश चढू देऊ नका, आधीच चिकटपट्टी लावून झाका. गोंदाला उघडं लाकूडच लागतं; पॉलिशवर चिकटवलेला ब्रिज कधीतरी उडतोच. ब्रिजचा तळ तबलीच्या फुगवट्याला जुळवून घासा. सॅडलची जागा ६५० वर न ठेवता साधारण दोन मिलिमीटर मागे ठेवा. तार दाबताना ताणली जाते आणि स्वर चढतो, तो फरक यातून भरून निघतो.

१४. तारा चढवताना

नट आणि सॅडल हाडाचे करा आणि सुरुवातीला जरा उंचच ठेवा. बाराव्या फ्रेटपाशी तारेखालची उंची बारीक तारेला ३, जाड तारेला ४ मिमीच्या आसपास यायला हवी. फ्लामेंकोसाठी त्याहून कमी. पण पहिल्याच दिवशी हे माप गाठायला जाऊ नका. ओढ्याखाली तबली आणि नेक पहिल्या काही आठवड्यांत थोड्या हलतात, आणि आज अचूक घासलेलं सॅडल महिन्याने चुकीचं ठरू शकतं. रोज वाजवा, रोज सुरात लावा. उंची आठवड्यातून एकदा मोजून लिहून ठेवा, आणि आकडा स्थिर झाल्यावर मगच सॅडल शेवटचं घासा.